जबाब देण्याआधी

"तुमच्या नावानं अर्ज आलाय. उद्या अकरा वाजता ठाण्यात येऊन जा."

पोलीस ठाण्यातून येणारा फोन बहुधा एवढाच असतो. अर्ज कुणाचा, कशाबद्दल, कोणत्या कलमाखाली आणि मुख्य म्हणजे आपल्याला बोलावलंय ते कोण म्हणून, यातलं काहीच त्यात नसतं. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. काही माणसं त्याच संध्याकाळी एकटीच ठाण्यात जातात आणि "मी काही केलंच नाही" हे पटवण्याच्या भरात दोन तास बोलून येतात. काही जण फोन उचलणंच बंद करतात. नुकसान दोन्हींत होतं, आणि निर्दोष माणसाचं जास्त होतं. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मग तयारी कशाला, असं त्यालाच वाटत असतं.

फोनवर बाजू मांडू नये. बोलणाऱ्याचं नाव, हुद्दा, ठाणं, अर्जाचा क्रमांक किंवा गुन्हा दाखल असल्यास गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि वर्ष, एवढं लिहून घ्यावं. मग त्या ठाण्याचा नंबर आपण स्वतः शोधून तिथे उलट फोन करावा आणि असा अधिकारी, असा अर्ज खरंच आहे का ते विचारावं. हल्ली ही खातरजमा अत्यावश्यक झाली आहे. व्हिडिओ कॉलवर गणवेशात बसून "डिजिटल अटक" झाल्याचं सांगणारे, खात्यातले पैसे "तपासणीसाठी" वळवायला लावणारे लोक सरसकट ठग असतात. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. पैशाचा विषय निघाला की फोन ठेवावा आणि १९३० या क्रमांकावर कळवावं.

फोन खरा निघाला, तर पुढचा प्रश्न आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हा. ठाण्यात तीन वेगळ्या गोष्टींना बाहेरचे लोक सरसकट "कम्प्लेंट" म्हणतात, आणि बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

पहिली एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की अशा गोष्टी इथे येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पुढची बहुतेक कलमं याच संहितेतली) कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना याचा तपासही करता येत नाही, आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. तरी बोलावतात ते समज देण्यासाठी. इथे धोका असतो तो चॅप्टर केसचा. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर एन.सी. केल्या की शांतताभंगाच्या भीतीवरून कलम १२६ खाली प्रस्ताव जातो आणि वर्षापर्यंत शांतता राखण्याचा बंधपत्र मागितला जातो. बरेच जण "नुसती सही आहे" म्हणून तो करून देतात. बंधपत्र मोडला असं ठरलं तर त्याचे परिणाम खरेच असतात, त्यामुळे त्या प्रस्तावावर येणाऱ्या कारणे दाखवा नोटिशीला लेखी उत्तर द्यावं आणि मगच काय ते ठरवावं.

दुसरी अर्ज चौकशी. सर्वसामान्य घरांत येणारी बहुतेक बोलावणी याच प्रकारची असतात: पैशांचा व्यवहार, नवरा-बायकोचा वाद, सोसायटीतलं भांडण, भागीदारी, जागेचा ताबा. तक्रार करणारा अर्जदार, तुम्ही गैरअर्जदार. गुन्हा अजून दाखल झालेला नसतो, तो करायचा की नाही हे पाहिलं जात असतं. २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दखलपात्र गुन्हा उघड दिसत असेल तर एफआयआर घ्यायलाच हवा. मात्र कौटुंबिक, व्यापारी, वैद्यकीय निष्काळजीपणाच्या वगैरे प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच नव्या संहितेत कलम १७३(३) आलं: तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी. ही पायरी सगळ्यांत नाजूक आहे, असं माझं ठाम मत आहे. इथे नीट मांडलेले चार कागद गुन्हा दाखल होण्यापासून वाचवू शकतात आणि इथेच बेसावधपणे दिलेला जबाब पुढच्या एफआयआरचा पाया होऊ शकतो.

तिसरी पायरी दाखल झालेला गुन्हा. यात बोलावण्याचे दोन मार्ग आहेत आणि नोटिशीवरचं कलम पाहिल्याशिवाय ते कळत नाहीत. कलम १७९ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १६०) म्हणजे प्रकरणाची माहिती असलेली व्यक्ती, साक्षीदाराच्या नात्याने. कलम ३५(३) (जुनं ४१अ) म्हणजे तुमच्यावर वाजवी संशय आहे, पण अटक गरजेची वाटत नाही, म्हणून हजर राहा. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तोंडी "साक्षीसाठी या" आणि कागदावर ३५(३) असं असेल, तर कागद खरा मानायचा.

एफआयआर असेल तर तो वाचल्याशिवाय जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर साधारण चोवीस तासांत संकेतस्थळावर यायला हवा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून तो उतरवून घेता येतो. त्यात कलमं पाहायची, घटनेची तारीख-वेळ पाहायची आणि आपलं नाव कुठल्या वाक्यात, कोणत्या क्रियापदासोबत आलंय ते पाहायचं. कागदपत्रांची जुळवाजुळव त्या वाक्याभोवती करायची असते.

३५(३) ची नोटीस आली म्हणजे आता अटकच, असं समजून अनेक जण घर सोडतात. नेमकं उलट आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने या नोटिशीला धार दिली. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला, अटक का हवी याची कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. गैरहजर राहिलात तर ते संरक्षण आपणच घालवता. शिवाय तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील किंवा दुर्बल व्यक्तीला अटक करायची तर उपअधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, असं जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं आहे. तरीही व्हॉट्सॲपवर आलेल्या नोटिशीकडे दुर्लक्ष करा, असा सल्ला मी कधीच देणार नाही. "नोटीस मोबाईलवर मिळाली, ती रीतसर बजावावी, मी हजर राहण्यास तयार आहे" असं लेखी उत्तर दिलं की हक्कही राहतो आणि टाळाटाळ केल्याचा ठपकाही येत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि बायकांना ठाण्यात बोलावलं जातं तेव्हा हमखास एक गल्लत होते. कलम १७९ खाली स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुलगे, साठ वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराबाहेर कुठेही हजर राहायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनीच घरी येऊन जबाब घ्यायचा. पण ही सवलत साक्षीदाराच्या बोलावण्याला आहे. ३५(३) च्या नोटिशीत ती आपोआप लागू होत नाही. "बाईमाणूस आहे, बोलावू शकत नाहीत" म्हणून आरोपीच्या नोटिशीकडे पाठ फिरवली तर गैरहजेरी लागते. १७९ ला आणखी एक मर्यादा आहे: पोलिसांना स्वतःच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसालाच त्याखाली बोलावता येतं.

आता उत्तर. फोनवरच्या होकारापेक्षा एक पानाचं पत्र केव्हाही बरं. वर "प्रति, प्रभारी अधिकारी", ठाण्याचं नाव, संदर्भात फोनची तारीख-वेळ किंवा नोटिशीचा जावक क्रमांक. मजकुरात चारच गोष्टी: मी चौकशीला सहकार्य करण्यास तयार आहे, मला कोणत्या कलमान्वये व कोणत्या नात्याने बोलावलं आहे ते कळवावं, अर्जाची प्रत द्यावी, मी अमुक तारखेला अमुक वाजता हजर राहीन. स्वतःची बाजू या पत्रात मांडू नये. दोन प्रती न्यायच्या, एकीवर पोच घ्यायची: शिक्का, तारीख, सही, बक्कल नंबर (पोलिसाच्या बिल्ल्यावरचा क्रमांक). आवक टेबलावर पत्र घेत नसतील तर तेच स्पीड पोस्टाने आणि ठाण्याच्या ई-मेलवर पाठवायचं. तारीख पुढे हवी असेल तर कारण, त्याचा पुरावा आणि पर्यायी तारीख तिन्ही द्यावीत. नुसतं "नंतर येतो" म्हणजे टाळणं, असाच अर्थ लावला जातो.

वकील कधी गाठावा? कलमं अजामीनपात्र असतील, तर ठाण्यात जाण्याआधी. कलम ४८२ खालचा अटकपूर्व जामीन सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात मागता येतो. अटक झाल्यावर तो मार्ग बंद होतो. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं, मदतवाहिनी १५१००. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. चौकशीत वकील शेजारी बसेल का, हा कायमचा वादाचा मुद्दा आहे. अटक झालेल्याला चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देतं, पण संपूर्ण वेळ नव्हे. नंदिनी सत्पथी प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलाच्या उपस्थितीच्या बाजूने मत दिलं होतं. प्रत्यक्षात वकील बहुतेक वेळा बाहेरच्या बाकावर असतो. तेवढ्यानेही आतल्या बोलण्याचा सूर बदलतो, म्हणून त्याला सोबत न्यावंच.

तयारी म्हणजे एक तारीखवार टिपण. डावीकडे तारीख, मध्ये काय घडलं ते एका ओळीत, उजवीकडे त्याचा कागद: पावती, बँकेची नोंद, करार, मेसेज. जिथे कागद नाही तिथे रकाना रिकामा ठेवायचा. तो भरायला आठवणीतून वाक्य रचायचं नाही. झेरॉक्स प्रती स्वतः साक्षांकित करून, क्रमांक घालून, वर यादी लावून द्याव्यात आणि यादीवर पोच घ्यावी. मूळ कागद असेच त्यांच्या हातात ठेवून येऊ नये. मागितलेच तर कलम ९४ ची लेखी नोटीस किंवा जप्ती पंचनामा हवा.

मोबाईलचंही तेच. "जरा फोन बघू" म्हणून मागितलेला फोन आणि पंचांसमक्ष, आयएमईआय क्रमांक लिहून, सील करून जप्त केलेला फोन यांत फार अंतर आहे. झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण कलम १०५ ने सक्तीचं केलं आहे, ते झालं का हे विचारावं. मात्र जाण्याआधी चॅट पुसायचे नाहीत. समोरच्याच्या फोनमध्ये ते असतातच, आणि पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप मागे लागतो. अर्जदाराला फोन करून "मिटवून टाकू" म्हणणंही टाळावं. तो फोन ध्वनिमुद्रित होतो आणि त्यातलं "बघू मग पुढे" एवढं वाक्य धमकी म्हणून पुढच्या तक्रारीत येतं. काका-मामांनी अर्जदाराच्या घरी जाऊन समजूत काढणं तर त्याहून घातक.

ठाण्यात शिरल्यावर ठाणे अंमलदाराला नाव, काम आणि कुणाला भेटायचं ते सांगावं, हजेरीची स्टेशन डायरीला नोंद घ्यायची विनंती करावी. आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ आपल्याकडेही लिहून ठेवावी. घरी एकाला ठाणं आणि अधिकाऱ्याचं नाव कळवून ठेवावं. औषधं, पाणी, चष्मा जवळ असावा. चष्मा विसरलेला माणूस न वाचताच सही करतो. तासन्‌तास थांबावं लागेल हे गृहीत धरून जावं. तिथे बंदोबस्तही असतो, नवा गुन्हाही येतो, आणि तपासी अंमलदाराकडे एकटं तुमचंच प्रकरण नसतं. हे ध्यानात घेऊन शांतपणे, मान ठेवून बोललं तर बहुतेक अंमलदार ऐकून घेतात.

आणि मग तो जबाब. सगळ्या प्रकरणात जपायची वस्तू ही एवढीच.

तुम्ही बोलता, समोरचा अंमलदार टंकतो. सुरुवात ठरलेली: "मी, अमुक, वय इतके, धंदा नोकरी, रा. तमुक, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब लिहून देतो की," आणि शेवटही ठरलेला: "माझा वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून तो मी वाचून पाहिला, तो बरोबर व खरा आहे." मधला मजकूर अंमलदाराच्या सवयीच्या भाषेत उतरतो. तुम्ही म्हणता, "आमच्यात पैशावरून बोलाचाली झाली." कागदावर येतं, "मी अर्जदार यांचेशी पैशाचे कारणावरून वाद घालून शिवीगाळ केली." तुम्ही म्हणता, "त्यांनी तीन लाख दिले, दोन परत केले, बाकीचं मालाच्या हिशोबात धरलंय." येतं, "मी अर्जदार यांचेकडून ३,००,०००/- रु. घेतले असून १,००,०००/- रु. देणे बाकी आहे." दरवेळी यात वाईट हेतू असतोच असं नाही. कामाचा रेटा असतो, जुना साचा असतो, आधीच्या जबाबातून उचललेला परिच्छेद असतो. पण "मालाच्या हिशोबात" हे शब्द गळले की दिवाणी हिशोब फसवणुकीसारखा दिसू लागतो.

म्हणून जबाब शब्दन्‌शब्द वाचायचा. चूक दिसली तर दुरुस्त करून नवी प्रत काढायला सांगायची. फायली संगणकावरच असतात, दोन मिनिटांचं काम असतं. क्रियापदं तपासावीत: घेतले, दिले, स्वीकारले, कबूल केले, मारहाण केली. तारखा आपल्या टिपणाशी ताडाव्यात. विचारलं तेवढंच सांगावं. "आठवत नाही", "कागद पाहून सांगतो", "हे मला माहीत नाही" ही पूर्ण आणि प्रामाणिक उत्तरं आहेत. अंदाजाने सांगितलेली तारीख उलटतपासणीत खोटी ठरते.

कलम १८० प्रमाणे विचारलेल्याला खरं उत्तर द्यायचं बंधन आहे, पण ज्या उत्तराने आपल्यावरच गुन्हा ओढवेल ते द्यायचं बंधन नाही. राज्यघटनेचं कलम २०(३) त्यामागे उभं आहे. गुन्हा कबूल न करणं म्हणजे असहकार नव्हे, असं २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं आहे. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही हेही खरं, मात्र त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो.

आता सही. दाखल गुन्ह्याच्या तपासात दिलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घेऊ नये, असं कलम १८१ स्पष्ट सांगतं. अर्ज चौकशीत मात्र सही घेतली जाते, आणि एकदा केलेली सही नंतर नाकारणं अवघड असतं. करावी लागलीच तर प्रत्येक पानावर तारीख-वेळेसह करावी, मोकळ्या जागेवर रेघ मारावी. कोऱ्या कागदावर काही झालं तरी करू नये. शक्य असेल तिथे आपलं लेखी म्हणणं कागदांसह द्यावं आणि "माझे लेखी म्हणणे हाच माझा जबाब समजावा" अशी ओळ लिहावी. माझ्या मते अर्ज चौकशीत याहून सुरक्षित वाट नाही. वकिलाकडून आधी तपासून घेतलेली दोन पानं ठाण्यातल्या दोन तासांच्या बोलण्यापेक्षा उपयोगी पडतात.

पैशाच्या वादात जबाबानंतर हळूच एक वळण येतं. अर्जदार शेजारच्या खुर्चीत असतो आणि कुणीतरी म्हणतं, "कशाला वाढवता, आज निम्मे द्या, बाकीचे चेक लिहा." शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्या अंगात इतकं भिनलंय की माणसं तिथल्या तिथे चेक लिहून देतात. दिवाणी वसुली करणं हे पोलिसांचं काम नाही. तो चेक वटला नाही तर चेक न वटल्याचा स्वतंत्र फौजदारी खटला उभा राहतो, आणि मूळ देणं होतं की नव्हतं हा तुमचा बचाव तुमच्याच सहीने दुबळा झालेला असतो. तडजोड करायची असेल तर जरूर करावी, पण वकिलाच्या टेबलावर, लेखी आणि अर्ज मागे घेण्याच्या अटीसह. ठाण्यात एवढंच म्हणावं: "विचार करून लेखी कळवतो."

दमदाटी किंवा मारहाण झाली तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी आणि अधीक्षक किंवा उपायुक्तांकडे लेखी तक्रार करावी. ठाण्यांत सीसीटीव्ही हवेतच, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. तारीख-वेळ देऊन चित्रण जपून ठेवायची मागणी त्याच तक्रारीत करावी. अटक केलीच तर कारणं कळवणं, नातेवाइकाला कळवणं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेणं बंधनकारक आहे. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवाद वगळता, अटक करता येत नाही.

जबाब झाला म्हणजे प्रकरण संपलं, असं धरून चालू नये. अर्ज चौकशीचा निकाल आपणहून कुणी कळवत नाही. महिनाभराने लेखी विचारावं. उत्तर नाही आलं तर दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात "सदर अर्जावर काय निर्णय झाला व तो दप्तरी दाखल केला काय", म्हणजे बंद केला का, एवढंच विचारावं. चौकशी चालू असेल तर माहिती नाकारली जाऊ शकते, पण ती चालू आहे हे तरी त्यातून समजतं.

गुन्हा दाखल होऊन पुरावा मिळाला नाही तर महाराष्ट्रात न्यायालयाला समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, जातो. अ समरी म्हणजे गुन्हा घडला पण आरोपीचा माग नाही, ब म्हणजे तक्रार दुष्ट हेतूने खोटी, क म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. तक्रारदाराला त्यावर हरकत घेता येते, त्यामुळे अहवाल गेला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये. दंडाधिकाऱ्यांनी तो मंजूर केल्याचा आदेश हवा. त्याची प्रमाणित नक्कल न्यायालयाच्या नक्कल विभागातून काढून ठेवावी. पुढे पासपोर्टला किंवा नोकरीच्या चारित्र्य पडताळणीला त्याच ठाण्याच्या नोंदीत तो जुना गु.र.नं. दिसतो, आणि टेबलावरचा माणूस नवा असतो. तेव्हा ती नक्कल लागते.